भाता बसवणे

मराठीत काही शब्द असे आहेत की ते ऐकणाऱ्याने आपापल्या संसाराप्रमाणे समजून घ्यायचे असतात. 'पेटी' म्हटलं की कुणाला ट्रंक आठवते, कुणाला हापूस आंबा, आणि आमच्या घराण्याला बाजाची पेटी. 'भाता' हा शब्द त्याच जातीचा. लोहाराकडे तो फुंकर घालतो, हार्मोनियमच्या पाठीला लागून तो श्वास घेतो, आणि रामाच्या पाठीवर तो बाण सांभाळतो. वडील भजनी मंडळात पेटी वाजवीत असल्यामुळे मला भाता ठाऊक होता तो फक्त मधला. म्हणूनच मिशिगनमधल्या पुतण्याचा फोन आला तेव्हा घोटाळा झाला.

"काका, तुम्ही येताच आहात तर एक काम आहे. भाता बसवायचाय."

"फाटलाय का?"

"नाही, नवाच आहे. काढता-घालता येतो असा."

काढता-घालता येणारा भाता मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण अमेरिकेत दातसुद्धा काढता-घालता येतात, तिथं पेटीच्या भात्याचं काय! मी जाणकारासारखं विचारलं, "केवढा?"

"पाचचा."

आता पेटीवाल्याला 'पाच' म्हटलं की काळी पाच आठवते. पुतण्या परदेशात राहून गाणंबिणं शिकू लागला, आणि तेही काळी पाचमध्ये, या विचाराने माझा ऊर भरून आला. मी लगेच सामानाला लागलो. शेळीच्या मऊ कातड्याची हातभर पट्टी, सरसाची पुडी, दोन स्प्रिंगा आणि वडिलांची जुनी कात्री. आमची सौ. म्हणाली, "लोक अमेरिकेला जाताना चकल्या नेतात." मी म्हटलं, "चकल्या कुणीही नेईल." विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती कातड्याची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, हुंगली, आणि असल्या माणसापासून देशाला धोका नाही असं ठरवून मला आत सोडलं.

घरी पोचल्यावर चहा झाला, आणि पुतण्याने कपाट उघडून पाच फूट लांबीचं एक धनुष्य बाहेर काढलं.

"हे काय?"

"धनुष्य. आणि हा त्याचा भाता." त्याने एक पुठ्ठ्याचं खोकं पुढे केलं. "क्विव्हरला मराठीत काय म्हणतात ते मी मुद्दाम शब्दकोशात बघून ठेवलं होतं. बरोबर आहे ना?"

शब्द अगदी बरोबर होता. चुकलो होतो मी आणि माझी कातड्याची पट्टी.

धनुष्य मात्र बघत राहावं असं होतं. मधली मूठ गडद लाकडाची, दोन्ही बाजूंच्या पात्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर काचतंतूंचे थर, आणि टोकं पुढच्या बाजूला वळलेली. अशा वळलेल्या टोकांच्या धनुष्याला रिकर्व्ह म्हणतात. पात्याचं टोक असं उलटं वळवलं की तेवढ्याच लांबीच्या धनुष्यात जास्त जोर साठतो. ही युक्ती मध्य आशियातल्या घोडेस्वारांना हजारो वर्षांपूर्वी सापडली होती. पुतण्याचं धनुष्य मात्र 1960च्या दशकातलं, आणि विकत घेतलेलंही नव्हे. शेजारच्या घरातल्या आजोबांनी ते त्याला दिलं होतं. पन्नास वर्षं त्यांनी त्यावर हरणांची शिकार केली. आता खांदा साथ देईना, दोरी हनुवटीपर्यंत येईना. मुलगा दूर गेलेला, नातवाला शिकारीची किळस. तेव्हा एके दिवशी कुंपणावरून त्यांनी ते आमच्या पुतण्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता हे तुझं." मिशिगनमध्ये धनुष्याने हरीण मारायचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. परवाना काढून झाला होता. उरलं होतं ते एवढंच, भाता बसवायचं काम.

इथं एक कबुली देतो. आमच्या घरात आजवर शिकार झाली ती फक्त ढेकणांची. शिवाय आपल्याकडे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार ही फक्त जुन्या गोष्टीत उरली. त्यामुळे मला त्या हरणाचं फार वाईट वाटत होतं. पण दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या परवान्यावर आणि दुसऱ्याच्या घरचा चहा पीत असताना माणसाने नैतिक प्रश्न उभे करू नयेत, एवढं मला कळतं. मी खोकं उघडलं.

आत एक चौकट होती. एका टोकाला टोपीसारखा कडक डबा, त्यात फोम. दुसऱ्या टोकाला रबराची पाच खाचांची पट्टी. बाणाचं धारदार पातं टोपीतल्या फोममध्ये खुपसायचं आणि दांडी खाचेत दाबून बसवायची. पाच बाण, पाच खाचा. ही चौकट एका पट्टीवर खटकन बसत होती आणि खटकन निघत होती. ती पट्टी मात्र धनुष्याच्या मुठीला दोन स्क्रूंनी कायमची बसवायची होती. कागदावरच्या चित्रात मुठीला दोन भोकं दिसत होती. आमच्या मुठीला भोकं नव्हती.

पुतण्याने ड्रिलचं यंत्र आणलं. "दोन मिनिटांचं काम आहे, काका."

"थांब," मी म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता येईना. "मला एक रात्र दे. आधी वाचतो."

पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचा हा रोगच आहे. त्याच्या हातात वस्तू दिली की ती वापरायची सोडून ती कुठून आली हे तो बघत बसतो. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पुतण्याची पुस्तकं आणि त्याचा संगणक घेऊन बसलो, आणि पहाटेपर्यंत माणसाने बाण कुठं कुठं ठेवले याचा शोध घेत राहिलो.

आपल्याकडे हा प्रश्न फार लवकर सुटला होता. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने अर्जुनाला गांडीव धनुष्य दिलं आणि त्याबरोबर दोन अक्षय्य भाते दिले. कधीच रिकामे न होणारे भाते! बाण किती घ्यायचे, कुठं अडकवायचे, वजन किती होईल, काही चिंता नाही. पण देवाने सोय केली की माणसाची बुद्धी चालत नाही. खरा इतिहास सुरू होतो तो ज्यांचे बाण संपतात त्यांच्यापासून.

त्यांतला सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत जवळचा वाटलेला गृहस्थ 1991 साली आल्प्समधल्या बर्फात सापडला. सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस. ओट्झी असं त्याचं नाव ठेवलंय. त्याच्याजवळ कातड्याचा लांब भाता होता. 2016 साली तपासणी झाली तेव्हा ते कातडं रो जातीच्या हरणाचं निघालं. भात्यात चौदा बाण. त्यांतले बारा अर्धवट, नुसत्या काटक्या. दोनच तयार आणि तेही मोडलेले. जवळ सहा फूट लांबीचं धनुष्य, तेही तासायचं राहिलेलं. म्हणजे भाता जय्यत, आणि आत वेळेवर उपयोगी पडेल असं एकही नाही! हे वाचून मला आमच्या घरातलं हत्यारांचं खोकं आठवलं. पण पुढे वाचलं आणि हसू गेलं. 2001 साली क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात दगडी फाळ दिसला. त्याचे बाण तयार नव्हते. मागून येणाऱ्याचे होते.

मग शकांचे घोडेस्वार. ग्रीक लोक त्यांना सिथियन म्हणत. त्यांच्या डाव्या कमरेला एक मोठी पिशवी असे, तिचं नाव गोरिटस. तिच्यात धनुष्यही आणि बाणही. म्हणजे त्यांनी धनुष्यच भात्यात ठेवलं होतं, आणि आम्ही निघालो होतो भाता धनुष्यावर ठेवायला. 1977 साली उत्तर ग्रीसमध्ये व्हर्गिना इथं एका राजाच्या थडग्यात असल्या पिशवीचं सोन्याचं आवरण सापडलं. वाचून वाटलं, इतकं सोनं जर भात्यावर, तर बाण मारायला कुणाचा हात होणार!

इंग्रजांचं सगळंच मोजून-मापून. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' नावाचं जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 साली वर काढलं. त्यात हजारो बाण निघाले, आणि त्यांबरोबर कातड्याच्या गोल चकत्या. प्रत्येक चकतीला चोवीस भोकं. एका भोकातून एक बाण, म्हणजे पिसं एकमेकांना घासून खराब होत नाहीत. चोवीस बाणांचा एक जुडगा. आमच्या शाळेत खडूंचा हिशेबसुद्धा इतका काटेकोर नव्हता.

पण या सगळ्या भात्यांत एक अडचण आहे. पाठीवरचा भाता झुडपात अडकतो, वाकलं की बाण सांडतात, आणि हात मागे नेला की समोरचं जनावर हालचाल पाहतं. त्यावर एक सगळ्यांत साधा उपाय निघाला: जादा बाण धनुष्याच्या मुठीतच बोटांनी धरून ठेवायचे. जगात अनेक ठिकाणी तिरंदाज असे दोन-तीन बाण मुठीत धरीत आले. म्हणजे धनुष्याला पहिला भाता माणसाच्या बोटांनी बसवला. स्क्रू नाहीत, भोकं नाहीत, आणि काढता-घालता तर आहेच.

मग हे स्क्रू कुठून आले? ती साखळी शोधताना रात्रीचे दोन वाजले आणि पुतण्याचं यंत्र, शेजारचे आजोबा, सगळं विसरून मी एका माणसापाशी थांबलो.

अमेरिकेत बंदुकीच्या जमान्यात धनुष्य पुन्हा उचललं ते आधी मॉरिस आणि विल टॉम्प्सन या भावांनी. यादवी युद्धात हे दोघे दक्षिणेकडून लढले आणि हरले. हरलेल्या सैनिकांना बंदूक बाळगायची बंदी होती म्हणून ते धनुष्याकडे वळले, असं सांगतात. मॉरिसने 1878 साली त्यावर पुस्तक लिहिलं. 1879 साली इंडियाना राज्यात क्रॉफर्ड्सव्हिल इथं तिरंदाजांची राष्ट्रीय संघटना निघाली. पण ही मंडळी शिकली होती इंग्रजी पद्धतीने, पुस्तकी. ज्यांच्या रक्तात धनुष्य होतं ते लोक त्याच देशात मरत होते.

1911 सालच्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. याही नावाच्या टोळीतला तो शेवटचा. बाकीची टोळी सोन्यामागून आलेल्या गोऱ्यांनी मारून किंवा उपासाने संपली होती. विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांचे सहकारी यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवलं. लोक त्याला इशी म्हणू लागले, पण ते त्याचं नाव नव्हे. इशी म्हणजे त्याच्या भाषेत माणूस. आपलं नाव आपण सांगायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं, अशी त्याच्या लोकांची रीत. आणि सांगायला दुसरं कुणी उरलेलंच नव्हतं. आपल्याकडेही बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पण तेव्हा निदान शेजारीण तरी असायची.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप इशीला तपासायला येत. तपासता तपासता डॉक्टर रोग्याचा शिष्य झाला. इशीने त्यांना लाकूड कसं निवडायचं, गारगोटीचं पातं कसं काढायचं, दबकत कसं चालायचं, सगळं शिकवलं. इशीचा भाता पाणमांजराच्या अखंड कातड्याचा होता. 1916 सालच्या मार्चमध्ये क्षयाने इशी गेला. त्याच्या पेटीत त्याचं एक धनुष्य ठेवलं, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली, आणि बाण ठेवले. किती? पाच.

क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन करू नका असं त्यांनी कळवलं होतं. तरी ते झालं, आणि इशीचा मेंदू काढून पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेला. तो त्याच्या नात्यातल्या लोकांना परत मिळाला तो 2000 साली. माणसं जुन्या गोष्टीवर प्रेम करतात आणि त्याच हाताने तिला भोक पाडतात.

पोप यांनी 1923 साली इशीची विद्या पुस्तकात घातली. त्यांचे मित्र आर्थर यंग अलास्कात धनुष्य घेऊन गेले आणि त्याचा चित्रपट काढला. तो चित्रपट डेट्रॉइटला लागला तेव्हा मोटारींच्या धंद्यात काम करणारा फ्रेड बेअर नावाचा तरुण तो बघायला गेला. पुढे यंगची गाठ पडली, आणि बेअर धनुष्य करायला शिकला. 1933 साली त्याने स्वतःचं दुकान थाटलं. 1947 साली मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला कारखाना हलवला. दरम्यान 1934 साली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात फक्त धनुष्यासाठी वेगळा हंगाम सुरू झाला होता. आता गिऱ्हाईक होता तो कारखान्यातून शनिवारी सुटणारा साधा माणूस. त्याला इशीसारखं पाणमांजर मारून सोलता येत नव्हतं, आणि दबकत चालताना पाठीवर बाण खडखडलेले परवडत नव्हते. बेअरने 1940च्या दशकात धनुष्यालाच अडकवायचा भाता काढला. बोटांनी जे काम केलं होतं ते आता खाचांनी आणि स्क्रूंनी करायचं. आणि मग तो काढता-घालता हवा, कारण बाणामागे तीस-एक ग्रॅम धरले तरी पाच बाण आणि टोपी मिळून धनुष्य एका बाजूला जड होतं, सोडताना किंचित फिरतं. चालताना भाता बरोबर, मचाणावर बसलं की काढून फांदीला, असा तो हिशेब.

साखळी लागली. शेवटच्या याहीकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून मित्राकडे, मित्राकडून मोटारवाल्याकडे, तिथून शेजारच्या आजोबांकडे आणि आजोबांकडून कुंपणावरून आमच्या पुतण्याकडे. मधे रक्ताचं नातं कुठंच नाही. आणि त्याच वेळी मला कळलं की संध्याकाळी मी "थांब" का म्हटलं.

मी अकरावीत असताना वडिलांच्या पेटीला कडी बसवली होती. भजनाला नेताना त्यांना ती छातीशी धरून न्यावी लागे. म्हटलं, सोय करू. वडील गावाला गेलेले असताना मी वरच्या फळीला दोन स्क्रू मारले. दुसरा स्क्रू आत जाताना लाकूड बारीक आवाज करून चिरलं. वडील आले, त्यांनी कडी पाहिली, चीर पाहिली. मला एक शब्द बोलले नाहीत. मेणबत्तीचं मेण वितळवून त्यांनी चीर भरली आणि संध्याकाळी पेटी छातीशी धरूनच भजनाला गेले. कडी त्यांनी कधी वापरली नाही आणि काढलीही नाही. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी ते केव्हाच विसरलो असतो.

सकाळी मी पुतण्याला सांगितलं, "भोक पाडायचं नाही."

"पण काका, धनुष्य आता माझं आहे. आजोबा म्हणाले, हवं ते कर."

"देणारा तसंच म्हणतो. चल, विचारून येऊ."

आजोबा व्हरांड्यात बसले होते. पुतण्या त्यांना इंग्रजीत आणि मला मराठीत सांगत होता. मधूनमधून गोंधळून मला इंग्रजीत आणि त्यांना मराठीत सांगत होता. भोकाचा प्रश्न ऐकून आजोबा उठले, गॅरेजमध्ये गेले, आणि धुळीने माखलेला एक डबा घेऊन आले. आत दोन तुकड्यांचा भाता. वरच्या पात्याला टोपीचा तुकडा, खालच्या पात्याला खाचांचा, आणि दोन्ही रबरी पट्ट्यांनी मुठीच्या अगदी जवळ बांधायचे, कारण तिथं पातं फारसं वाकत नाही. स्क्रू नाही, भोक नाही.

"ड्रिल मीही एकदा हातात घेतलं होतं," ते म्हणाले. "मग नाही धीर झाला."

"मग आधी का नाही सांगितलंत?" पुतण्याने विचारलं.

"कुणी विचारलंच नाही."

फक्त रबरी पट्ट्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. ओढताच तुटल्या. पुतण्या म्हणाला नवीन मागवू, चार दिवसांत येतील. मी म्हटलं, घरात सायकल आहे? जुनी ट्यूब आहे? ज्या देशात ट्यूब आहे त्या देशात काही अडत नाही. वडिलांच्या कात्रीने मी ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या. आणि रबर-लोखंडाने धनुष्याचं रोगण खरवडू नये म्हणून खाली घातली ती साताऱ्याहून आणलेली शेळीच्या कातड्याची पट्टी. एवढ्या लांब आलेली ती पट्टी शेवटी भात्यालाच लागली!

पुढचं काम माझ्यावर सोपवलं, तिथं मात्र इतिहास आडवा आला. मी भाता बांधला, बाण खोवले आणि कौतुकाने लांब धरून पाहिलं. पिसं वर, टोकं खाली. रामाच्या, अर्जुनाच्या, कॅलेंडरवरच्या सगळ्या भात्यांत असतात तशी. आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला. धनुष्याच्या भात्यात उलटं असतं: टोपी वर, टोकं वर, पिसं खाली. पाठीवरच्या भात्यातून बाण वर उपसायचा असतो, म्हणून तिथं पिसं वर. इथं आधी दांडी खाचेतून सोडवायची आणि मग पातं टोपीतून अलगद खाली घ्यायचं. वस्तऱ्यासारखं पातं उघडं राहिलं आणि माणूस घसरला, तर शिकार शिकाऱ्याचीच व्हायची. शिवाय मी भाता बाणाच्या बाजूलाच बांधला होता. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाने जातो. भाता हवा उजव्या अंगाला. मी सोडवलं आणि पुन्हा बांधलं. ट्यूबने तक्रार केली नाही.

मग उगीच दोरी ओढून पाहावी म्हणून मी बाण न लावताच ती ताणली. आजोबा खुर्चीतून ओरडले. बाणाशिवाय दोरी सोडली तर सगळा जोर धनुष्यातच परततो आणि पातं फुटू शकतं. मी दोरी हळूहळू परत नेली. भोक वाचवलं आणि धनुष्यच मोडणार होतो!

परसात फोमचं हरीण उभं केलं होतं. पुतण्या वीस पावलांवर उभा राहिला. पहिला बाण हरणाच्या पाठीवरून गेला. दुसरा पोटाखालून. तिसरा मागच्या पायाला चाटून गेला. आजोबा शांत होते. चौथा बसला, आणि पाचवा त्याच्या शेजारी.

"बघितलंत," पुतण्या ओशाळून म्हणाला, "पहिले तीन फुकट."

"म्हणून तर पाच," आजोबा म्हणाले. "ज्याचा पहिला चुकत नाही त्याला भाता कशाला हवा? पण जनावरावर सोडताना पहिला चुकणार नाही अशी खात्री होईपर्यंत सोडायचं नाही. उरलेले चार तुझ्या मनाला धीर द्यायला."

रात्रभर वाचून मला जे मिळालं नव्हतं ते यांनी खुर्चीत बसून सांगितलं. भाता म्हणजे चुकणार हे आधी मान्य करणं. ओट्झीपासून बेअरपर्यंत सगळ्यांनी तेच मान्य केलं. फक्त देवाकडून अक्षय्य मिळालेल्याला ते करावं लागलं नाही. आणि चुका पाचच करता येतात, म्हणून नेम नीट धरायचा.

त्या हंगामात पुतण्या सात वेळा रानात गेला आणि एकदाही बाण न सोडता परत आला. दर वेळी फोनवर सांगायचा, "काका, दिसलं होतं. पण खात्री नव्हती." शेवटच्या वेळी आजोबाही बरोबर गेले होते, खाली गाडीत थर्मास घेऊन बसले होते.

मी विचारलं, "आणि भाता?"

"घट्ट आहे. ट्यूब टिकलीय."

फोन ठेवला. कोपऱ्यात वडिलांची पेटी होती. कडी अजून तिथंच आहे. मी ती काढायला गेलो, पण काढली असती तर दोन भोकं उघडी पडली असती. मी पेटी उचलली आणि छातीशी धरून खिडकीपाशी उजेडात आणून ठेवली. भाता दाबला तर हवा गळत होती. शेळीचं कातडं आणायला हवं. घरातलं सगळं अमेरिकेत लागलंय.